बुडबुड्यातला ठिपका

चहा झाला की मावशी हात धुवायला जायच्या आणि साबणाचा हात तसाच घेऊन परत यायच्या. खिडकीकडे पाठ करून काळ्या पडद्यासमोर उभ्या राहायच्या, अंगठा आणि बोट जुळवून फुंकर मारायच्या, बुडबुडा ओल्या तळहातावर अलगद घ्यायच्या आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलनं त्याचा फोटो काढायच्या. फुटला की पुन्हा फुंकर. नांदेडातल्या माझ्या फोटो स्टुडिओत अल्बमचं डिझाइन करणाऱ्या पन्नाशीच्या या बाईंचा हा खेळ पाहून गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायची. मी कपाळाला हात लावायचो.

लहान मुलांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर उडणारे बुडबुडे तुम्हीही पाहिले असतील. बहुतेक ठिकाणी ते शर्टाला बटणं लावावीत तसे लावलेले असतात. इंटरनेटवर तयार मिळतात, दोन मिनिटांचं काम. मी तसं सुचवून पाहिलं, तर म्हणाल्या, "भाऊ, बुडबुड्यात समोरचं समदं येतं. दुसऱ्याच्या दुकानाची खिडकी आपल्या लेकराच्या फोटोत कशाला?"

मग त्यांनी एक बुडबुडा स्क्रीनवर मोठा करून दाखवला. वर आमच्या स्टुडिओची खिडकी सुलटी, खाली तीच खिडकी उलटी, कडेला निळा-गुलाबी रंग. खिडकीच्या उजेडात एक काळा ठिपका होता. तो म्हणजे मोबाईल धरलेल्या त्या स्वतः. हा ठिपका त्या नेमानं पुसायच्या. "आपलं काय काम तिथं," म्हणायच्या.

माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी वडील गेले. नातीला मांडीवर घेऊन एक फोटो काढ, असं ते चारदा म्हणाले होते, आणि मी, फोटोग्राफर मुलगा, चारही वेळा रविवारी काढू म्हणालो होतो. दोघांचा एकत्र फोटो राहूनच गेला. मी वडिलांचा जुना फोटो मावशींना दिला आणि मुलीच्या मागे त्यांना उभं करायला सांगितलं. असली कामं आमच्याकडे नेहमीचीच.

दुपारभर करून पाहून त्यांनी मान हलवली. "चिटकवलेला माणूस चिटकवल्यावानीच दिसून राहिला, भाऊ. हे न्हाई करायचं आपण."

मी चिडलो. दुसऱ्याकडून करून घेईन, असंही बोलून गेलो. त्या रागावल्या नाहीत. वडील घरात कुठं बसायचे, एवढंच विचारलं. गावी, चाकूरच्या घरी खिडकीजवळ, लाकडी खुर्चीवर, मी सांगितलं. त्यांनी त्या खिडकीचा फोटो मागून घेतला.

चार दिवसांनी त्यांनी काम हातात दिलं. मुलगी हात वर करून हसत होती, समोर एक मोठा बुडबुडा, मागे कुणीच नाही. मी हिरमुसलो. चाकूरला नेऊन आईच्या खोलीत फोटो लावला. आई चष्मा चढवून जवळ गेली आणि तिथंच उभी राहिली. बुडबुड्यातल्या खिडकीत, खुर्चीवर, नखाएवढे वडील बसले होते.

"हे समोर बसलेत की," आई म्हणाली. "नातीकडंच बघायलेत."

वडील गेले तेव्हा आलं नव्हतं, ते रडू मला त्या दिवशी आलं.

मावशी रोज उमरीहून रेल्वेनं यायच्या. या हिवाळ्यात दोन दिवस आल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आला. झोपेतच गेल्या म्हणाला. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्यातल्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या बॅनरसाठी फोटो हवा होता आणि घरात आधार कार्डावरचा सोडून एकही नव्हता. बारा वर्षं त्या माझ्या स्टुडिओत होत्या. त्यांचा फोटो मीही कधी काढला नव्हता. त्या मुलाकडे वर मान करून बघायची मला लाज वाटली.

तो गेल्यावर मी त्यांचा कॉम्प्युटर लावला. ठिपका न पुसलेल्या बुडबुड्यांचे शेकडो फोटो एका फोल्डरमध्ये होते. एक मोठा केला, उजेड वाढवला. वरच्या खिडकीत मावशी सुलट्या, खालच्या खिडकीत उलट्या. पदर खोचलेला, एक हात पुढे. चेहरा कळत नव्हता, पण ते उभं राहणं त्यांचंच होतं.

बॅनरवर आधार कार्डावरचाच फोटो गेला. त्याच्या कोपऱ्यात मी एक बुडबुडा ठेवला. ठिपका पुसला नाही.