चंपाची पाठमोरी सभा

शेवटचं आम्ही दोघांनी केलं ते मिरच्यांचे देठ खुडायचं काम. ओटीवर बसून. चंपा शिंकत होती आणि मध्येच भाषण म्हणून बघत होती. बाजाराच्या दिवशी दारूच्या दुकानासमोर करायचं होतं ते. मी म्हटलं, आधी नाक पूस. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मिरचीपेक्षा लोके तिखट शेतस."

चंपा माझी बायको. माहेरी होती तेव्हा भरबाजारात खोक्यावर उभी राहून दारूविरुद्ध बोलायची. बाप्ये हातातली चिलीम विसरायचे. लग्न होऊन आमच्या गावी आली आणि तोंड बंद झालं. आमच्यात सून जेठासमोर बोलत नाही, त्याचं नाव घेत नाही. जेठ म्हणजे माझा थोरला भाऊ दौलत, गावचा पाटील. सभा कुठलीही असो, खुर्चीवर तोच. मग ही बोलणार कधी? घरात त्याला काही कळवायचं तर भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "भिंत माय, ढेप सरी गयी. कोनले तरी सांग." दौलतही भिंतीलाच उत्तर द्यायचा. बघणारे हसायचे.

केस पांढरे होईपर्यंत असंच चाललं. मग तापीकाठच्या त्या दुकानात पिऊन शेजारणीचा नवरा नदीत बुडाला. बायका चंपाकडे आल्या, सभेत तू बोल म्हणाल्या. एकजण म्हणाली, "पण खुर्चीवर तुन्हा जेठ बसी." चंपा म्हणाली, "बसू दे. मी पाठ करीसन बोलसू."

आणि खरंच, नदीच्या वाळूत भरलेल्या सभेकडे पाठ, नदीकडे तोंड करून बोलली. आवाज आधी फाटला, मग लागला. "दुकान कोन्हा जागावर शे, ते समदासले मालूम शे," म्हणाली. जागा दौलतची. तो उठला. पाटील उठल्यावर गाव बसत नाही. एकेक करून सगळे निघून गेले, तिला बोलावणाऱ्या बायकासुद्धा. तिला ते दिसत नव्हतं. ती रिकाम्या वाळूला सांगत राहिली. बोलणं संपवून वळली तर मी एकटा.

"एक त बठेल शे," म्हणाली. "आते बाजारले बोलसू."

तो बाजार तिला दिसला नाही. देठ खुडले त्याच रात्री पटकी लागली, उजाडायच्या आत चंपा गेली. घाटावर दौलतनं भाषण केलं. "आमच्या घराची वाणी गेली," म्हणाला आणि डोळे पुसले. जिवंत होती तोवर भिंतीशी बोलायला लावलं, आणि मेल्यावर वाणी. गाव मात्र शेवटपर्यंत बसून ऐकत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार होता. सुतकात होतो, तरी दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. मला भाषण येत नाही. म्हटलं, "ही जागा दौलत पाटीलनी शे. मन्हा सख्खा भाऊनी. चंपा नाव ली शके नही, म्हनीसन मी लेस."

लोक भाव करत होते. मी परत सांगितलं, जरा मोठ्यानं.