दहा ग्रॅमचा तोळा

माझा जन्म गलाईत गेला. जुने दागिने, सोनाराच्या दुकानातली धूळसुद्धा वितळवायची आणि त्यातलं सोनं वेगळं काढायचं, हा आमचा धंदा. पंचवीस वर्षं परमुलखात हेच केलं की माणूस सख्ख्या भावाची अंगठीही घासून बघतो. त्यात मी उपजतच संशयी.

मागल्या वर्षी धंदा आवरून आटपाडीला परतलो. आईचे गुडघे सुजले होते. मागच्या गल्लीतल्या तिच्या बहिणीकडे आपल्या पायांनी जाता यावं, एवढंच तिला हवं होतं. वडूजच्या एका म्हाताऱ्या वैद्यानं काढ्याच्या तीस पुड्या दिल्या. रोज एक पुडी, म्हणजे एक तोळा, उकळून द्यायची.

घरी आल्या आल्या मी पुडी काट्यावर ठेवली. साडेअकरा ग्रॅमच्या वर! तोळा म्हणजे दहा ग्रॅम, हे मला कुणी शिकवायला नको. कमी भरली असती तर वैद्य लबाड म्हणून सोडून दिलं असतं. पण जास्त? फुकटात जास्त कोण देतं? आमच्या धंद्यात वजन वाढलं की भेसळ समजायची. मग रोज सकाळी आईच्या खाटेशेजारी बसून मी त्या दिवसाची पुडी सुपात पाखडू लागलो. हलका कचरा उडवत राहायचं, काटा बरोबर दहावर येईपर्यंत.

महिना झाला तरी सूज तिथंच. आईला जीपमध्ये घालून वडूज गाठलं आणि दारातूनच वैद्याला म्हणालो, "आवं, तोळ्यामागं दीड ग्रॅम कचरा घालताय व्हय?"

त्यानं सगळं विचारून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"सोनाराचा तोळा दहाचा झालाय, गड्या. आमचा जुनाच हाय. आन् तू उडवलास त्यो निर्गुडीचा पाला. सूज उतरवायचं काम त्येचंच व्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर मीच तिला खाटेवर ठेवलं होतं. तिच्याकडे बघवेना, म्हणून उलट तिच्यावरच चिडलो.

"पाखडताना बघत व्हतीस न्हवं? मग बोलली का न्हाईस?"

"पाला उडतोय ते दिसत व्हतं की," आई म्हणाली. "पर इतक्या वर्सांनी रोज माझ्यापाशी बसत व्हतास. म्हटलं, बसू दे."