एका बाइटचं उत्तर

माझी थोरली बहीण सुमंगला परभणीत हायस्कूलला गणित शिकवायची. इंजिनिअर झालेली बाई! पण आमच्या वडलांना, अण्णांना, अर्धांगवायू झाला आन् पुण्याची नोकरी राहिली ती राहिलीच. ब्याण्णव साली आमच्या अख्ख्या गल्लीत कॉम्प्युटर नव्हता. ही वहीवर पेन्सिलीनं प्रोग्राम तपासत बसायची. लोक म्हणायचे, येड लागलंय. मी पण म्हणायचे.

प्रोग्राम यायचे चंद्रभानकडून. पाथरीच्या शेतकऱ्याचा पोरगा, कॉलेजात हिच्याच वर्गातला, आता पुण्यात. मशीन सुरू झालं की सगळ्यांत खाली जे चालतं ते कर्नल म्हणे, ते हा लिहायलाय. छापलेले कागद पाकिटात घालून धाडायचा, ही चुका काढून परत पाठवायची. चार वर्षं! पत्रात दुसरं अवाक्षर नसायचं, तरी पाकीट आलं की ताई दोन दिवस लय खुशीत असायची.

एकदा त्यानं लिहिलं, "एका वेळी एकच काम आत जावं म्हणून प्रोग्रामला कुलूप ठेवलंय; ते मोकळं असलं तरी मशीन 'लागलेलं आहे' म्हणतंय आणि जागीच अडकतंय. एवढं सुटलं की काम पूर्ण. चूक सापडली तर लगेच कळव, वाट पाहतोय."

ताईला चूक त्याच संध्याकाळी सापडली. सी भाषेच्या मधोमध त्यानं असेंब्लीची, म्हणजे थेट मशीनच्या बोलीतली, एक ओळ घातली होती. कुलूप लागलंय हे खरं का खोटं, ते ती ओळ एकाच बाइटमध्ये, मेमरीच्या एका खणात, लिहिते. यानं जागा दिली चार बाइटची. उरलेल्या तिन्हींत जुना कचरा तसाच. आन् सी चारही खण एकत्र वाचते, शून्य नसलं की 'खरं' धरते, म्हणून मोकळं कुलूप बी लागलेलं दिसतं. जागा एका बाइटची केली की झालं.

"मग धाड की!" मी म्हटलं.

"धाडलं की संपलं, हेमा. मग कशाला लिहील तो मला?"

"अगं, मग तुझ्या मनातलं सांग की सरळ!"

ती नुसती रडली. कागद कपाटात पडून राहिला. महिना गेला.

मग त्याचं पत्र आलं. "चूक मला आधीच सापडली होती. तुझं पत्र यावं म्हणून तशीच पाठवली. काहीच आलं नाही, तेव्हा तुझी इच्छा नाही असं समजलो. घरच्यांनी मुलगी पाहिली होती, मी होकार कळवला."

मला दोघांच्याही एक-एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

ताईनं पत्र तीनदा वाचलं. मग मला म्हणाली, "हेमा, महिनाभर तो बी वाट बघत बसला असल का गं?"