बाळारामला नको होती ती गोळी

बाळाराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओटीवर बसून भिजवलेले वाल सोलत होतो. सकाळचे साडेनऊ झाले असतील. फोन त्याच्या मुलाचा, दिनेशचा. "काका, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला आणि पुढे नुसता श्वास ऐकू येत राहिला. मी "येतो" म्हटलं, फोन ठेवला आणि ताटात उरलेले वाल सोलून संपवले. का, ते मला आजही सांगता येणार नाही. बायको बाहेर आली, माझा चेहरा बघितला आणि तिने ताट हातातून काढून घेतलं. येत्या सोमवारी या गोष्टीला सात आठवडे होतील. आदल्या संध्याकाळीच मी त्याला अलिबागच्या दवाखान्यात भेटलो होतो, आणि निघताना चक्क भांडून निघालो होतो. ते भांडण कशावरून झालं ते सांगायचं तर चार वर्षं मागे जावं लागेल आणि माझी एक चूक कबूल करावी लागेल. खरं म्हणजे त्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. बाळारामचं नुसतं कौतुक करायला गावात माणसं पुष्कळ आहेत.

आमचं गाव किहीमपासून हाकेच्या अंतरावर. शाळेत आम्ही एका बाकावर. जन्मही एकाच महिन्यातला. तो माझ्याहून आठ दिवसांनी मोठा, आणि त्या आठ दिवसांचा मोठेपणा त्याने माझ्यावर आयुष्यभर गाजवला. त्याचे वडील मिठागरावर राबले. बाळाराम मात्र मिसरूड फुटायच्या आत ट्रकवर क्लीनर म्हणून गेला, मग ड्रायव्हर झाला आणि पुढे स्वतःच्या दोन गाड्या केल्या. मी शाळामास्तर. चाळीस वर्षांत वडखळच्या नाक्यावर त्याची गाडी बंद पडलेली कुणी पाहिली नाही, आणि याचा त्याला फार गर्व. "बंद परल्यावर गॅरेजला नेतो तो डायवर नाय, हमाल हाय," असं तो म्हणायचा. ऑइल काळं पडायच्या आत बदलायचं. एका बाजूचा टायर गेला की जोडीचा धड असला तरी काढायचा. "दोघं एकदमच धावलेत मास्तर. एक गेला म्हंजे दुसरा पन जानारच." या एका नियमावर त्याने संसार उभा केला. हाच नियम त्याने पुढे स्वतःच्या शरीराला लावला, आणि मी तो लावू दिला.

चार वर्षांपूर्वी दिवाळी उलटल्यावर माझ्या छातीत कळ आली. बाळारामने मला त्याच्या पिकअपमध्ये घालून अलिबागला नेलं, आणि वाटेत एक मिनिट तोंड बंद ठेवलं नाही. मला शुद्धीवर ठेवण्यासाठी तो बोलतोय असं मला वाटलं होतं. नंतर कळलं, घाबरला की तो असाच बडबडतो. तिथे जीव वाचला, मग तीन दिवसांनी स्टेंट घालायला मुंबईला जायचं ठरलं. मांडव्याहून गाडीसकट नेणाऱ्या रोरो बोटीने गेलो. गाडीत आपण बसलोय आणि चालवतोय दुसराच कोणीतरी, हे त्याला सहन होईना. पूर्ण वाट तो कठड्याला धरून उभा होता, आणि धक्क्याला लागताना "आता जरा डावीकडं घे की," असं त्या बोटीला सांगत होता.

परत आल्यावर अलिबागच्या डॉक्टरीणबाईंकडे तपासणीला गेलो. वयाने लहान, बोलायला स्पष्ट. त्यांनी ॲस्पिरिनची छोटी पांढरी गोळी दाखवून सांगितलं, की ही आता जन्मभर, रोज, खाल्ल्यानंतर. स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. बाळाराम शेजारच्या खुर्चीत होता. तो म्हणाला, "बाई, मना पन लिवून द्या. आमी दोघं एकाच मॉडेलचे."

बाई हसल्या, पण त्यांनी ते थट्टेवारी नेलं नाही. म्हणाल्या, "मास्तरांच्या रक्तवाहिनीत एकदा गुठळी झालेली आहे. ती पुन्हा होऊ नये म्हणून त्यांना ही गोळी. त्यांच्या बाबतीत फायदा धोक्यापेक्षा बराच मोठा आहे. तुमच्या हृदयाला काही झालेलं नाही. तुम्हाला झालाच तर थोडासा फायदा, आणि पोटातून रक्त जायचा धोका मात्र खरा. क्वचित मेंदूतही रक्तस्राव होतो. वय वाढेल तसा हा धोका वाढत जातो. पूर्वी आम्ही डॉक्टरसुद्धा ती सहज लिहून द्यायचो, आता देत नाही. तुम्ही तंबाखू सोडा, चाला, प्रेशर तपासत राहा."

हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. वर्गात मुलांना जसं दोनदा सांगतात तसं त्यांनी ते दोनदा सांगितलं होतं. बाहेर आल्यावर बाळाराम म्हणाला, "बाई हुशार हाय. पन कदी गाडी नाय चालवली तिना."

घरी आल्यावर पहिले काही दिवस माझे फार वाईट गेले. अंगात ताकद होती, दुखत काही नव्हतं, पण सकाळी ती गोळी तळहातावर घेतली की आपण आता आजारी माणूस झालो, हे रोज नव्याने समजायचं. एका सकाळी बाळाराम समुद्रावरून फेरी मारून ओटीवर आला. चहा झाला. मी गोळी काढली, आणि त्याने हात पुढे केला. "दे एक. जोडीचा टायर."

मी दिली.

नको म्हणायला मला कितीसा वेळ लागला असता? बाई काय म्हणाल्या ते पाठ होतं. पण त्याने ती तोंडात टाकून वर चहाचा घोट घेतला, मिशी पुसली आणि कांद्याच्या वाफ्यांबद्दल बोलायला लागला, आणि त्या दिवशी प्रथमच मला गोळी घेणं चहा घेण्यासारखं साधं वाटलं. मला सोबत हवी होती. खरं कारण एवढंच आहे, त्याला दुसरं कुठलंही शहाणपणाचं नाव देता येणार नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याने नाक्यावरच्या मेडिकलमधून स्वतःची पाकिटं आणली. माझी बायको वैतागायची, "अहो, ते काय चॉकलेट आहे का, एकाने घेतलं म्हणून दुसऱ्याने घ्यायला?" तर बाळाराम तिला म्हणायचा, "वयनी, तुमी नका रागवू. यो बंद परला तर मना गनित कोन शिकवील?" गणित त्याला जन्मात आलं नाही.

मागच्या पावसाळ्यापासून त्याचे गुडघे गेले. आयुष्यभर क्लच दाबल्याचा परिणाम. माझ्या ओटीपर्यंत रोज येणं जमेना. तो गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या घेऊ लागला, आणि सकाळची ही आपली चालूच. या उन्हाळ्यात एकदा आला तेव्हा पोटावर हात फिरवत म्हणाला, की फार जळजळतं. मी म्हटलं, "सुकटीचं कालवण कमी कर." मग जरा आवाज खाली आणून हसत म्हणाला, की शौचाला डांबरासारखं काळं होतंय. जांभळांचे दिवस होते. त्याच्या परसातलं झाड यंदा लगडलं होतं आणि हा गडी पोरासारखा पाटीभर खात होता. मी म्हटलं, "जांभळं खातोस, मग काय पांढरं होणार?" आम्ही दोघंही हसलो. तो जांभळांचा रंग नव्हता. पोटात रक्त जात होतं, आणि मी त्यावर विनोद केला होता.

चार दिवसांनी तो परसात चक्कर येऊन पडला. पोटात अल्सर, तो फुटून रक्त वाहत होतं. दवाखान्यात बाटल्या चढवल्या, दुर्बीण घालून इलाज केला, आणि तिसऱ्या दिवशी तो उठून बसला. मी गेलो तेव्हा चेहरा पार मिठासारखा झाला होता, पण डोळे नेहमीचे.

मला बघून त्याने पहिला प्रश्न विचारला, "तुजी गोली घेतलीस का आज?"

"त्या गोळीचं नाव काढू नकोस माझ्यासमोर."

"का? तुना ती लागते. मना नव्हती लागत. बाई बोलली व्हती, आपुन आयकला नाय."

"बोलली होती ना? मग घेतलीस कशाला?" मी ओरडलो. "मी विष दिलं असतं तर तेही घेतलं असतंस?"

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. सिस्टर धावत आली आणि मला बाहेर जायला सांगितलं. बाळाराम मागून म्हणाला, "मास्तर, तुजी बंद करू नको हां." मी मागे वळून पाहिलं नाही. राग माझा माझ्यावर होता, ओरडलो त्याच्यावर. पहाटे त्याला पुन्हा रक्तस्राव सुरू झाला, आणि या वेळी तो आवरला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी माझी गोळी बंद केली. त्यात विचार असा काही नव्हता. ज्या गोळीने त्याला नेलं ती आपण चहाबरोबर घ्यायची, हे जमेचना. बायको पाण्याचा पेला आणि गोळी समोर ठेवायची. मी पाणी प्यायचो आणि ती आत वळली की गोळी तुळशीच्या कुंडीत टाकायचो.

बाळारामचा महिना झाला त्यानंतर चार दिवसांनी सुगंधावहिनी, त्याची बायको, दुपारची आमच्या ओटीवर आली. माझ्या बायकोने खुर्ची दिली तरी जमिनीवरच बसली. मग म्हणाली, "भावोजी, तुमी शिकलेले हाव. मना खरा सांगा. मी मारला का त्यांना?"

मला काही कळेना. ती सांगत गेली... गुडघे गेल्यापासून सकाळची गोळी तीच हातावर द्यायची. उठल्या उठल्या, उपाशीपोटी, कारण तिला वाटायचं औषध उपाशीपोटी जास्त लागू पडतं. तो विसरून वाडीत गेला तर कुंपणाच्या गडग्यापर्यंत जाऊन हाक मारायची. जळजळतं म्हणाला तर कोकमाचं पाणी दिलं, गोळी चुकू दिली नाही. "मी बोलले, मास्तरांसारका नको व्हाया. मीच दिली हो रोज..."

मग मी तिला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर नको म्हटलं होतं, आणि पहिली गोळी मी माझ्या पाकिटातून दिली होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली, की आता ही उठून जाणार आणि आयुष्यात पुन्हा या घराची पायरी चढणार नाही, असं मी धरून चाललो. शेवटी ती म्हणाली, "म्हंजे आपुन दोघांनी मिलून दिली."

आणि तिने पदराची गाठ सोडली. आत माती लागलेल्या, अर्ध्या विरघळलेल्या पाच-सहा पांढऱ्या गोळ्या होत्या. माझ्या बायकोला त्या कुंडीत सापडल्या होत्या. आपलं काही हा ऐकणार नाही, हे ओळखून ती त्या घेऊन थेट वहिनीकडे गेली होती.

"ह्या कुनाला दिल्या?" वहिनीचा आवाज चढला. "ज्याला नको त्याला आपुन दिली. ज्याला लागते तो मातीत टाकतो. त्यांचा काय भला व्हनार हाय त्यात? दवाखान्यात शेवटचा काय बोलले ते? सिस्टरनी सांगितला मना. तुमचीच गोली काडली ना? एक गेला तो पुरे."

मी लहान मुलासारखा रडलो. त्या दोघींनी मला रडू दिलं आणि मग दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं. बाईंनी मला असं झापलं, की मी वर्गात कुठल्या मुलाला झापलं नसेल. स्टेंट असलेल्या माणसाने ही गोळी परस्पर बंद करणं म्हणजे काय, ते त्यांनी तपासता तपासताच ऐकवलं आणि गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू करायला लावली. वहिनीने त्यांनाही तोच प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, "अल्सर आधीपासून असू शकतो. त्यात ही गोळी, गुडघ्याची गोळी, तंबाखू, वय. सगळं एकत्र आलं. कुणा एकाचं नाव घेता येणार नाही."

"माजा पन नाय?"

"तुमचं नाही."

"आनि मास्तरांचा?"

बाई माझ्याकडे बघून जरा थांबल्या. "त्यांचंही नाही," म्हणाल्या. हे त्या डॉक्टर म्हणून बोलल्या की दया म्हणून, ते मी विचारलं नाही. काही गोळ्या मीही न विचारता घेतो आताशा.

तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला वहिनीचा फोन येतो. तिचा स्वतःचा फोन नाही, ती बाळारामचाच वापरते. त्यामुळे माझ्या फोनवर त्याचं नाव येतं. पहिल्या दिवशी ते नाव बघून मला फोन उचलता आला नाही. वाजून वाजून थांबला. तिने पुन्हा लावला. आमचं बोलणं दोनच शब्दांचं. "घेतली?" ती विचारते. "घेतली," मी म्हणतो, आणि ती फोन ठेवते. काल काय झालं कोण जाणे, पावणेनऊ झाले तरी फोन आला नाही. नाश्ता झाला होता, पाण्याचा पेला भरलेला होता. गोळी तळहातावर घेऊन मी तसाच ओटीवर बसून राहिलो, त्याचं नाव वाजेपर्यंत.