सतराव्या पानापासून सुरू होणारा अंक

या ब्लॉगवर तुम्ही माझ्याकडून किल्ले, समुद्र आणि मिसळ एवढीच अपेक्षा ठेवता, हे मला ठाऊक आहे. कोकणातल्या कुठल्या खानावळीत मासा ताजा मिळतो हे विचारणारे मेसेज अजूनही येतात. या वेळचा प्रवास तसा नाही. नोव्हेंबरात मी चार दिवसांची रजा टाकून कराडहून एकटीच नागपूरला गेले, कारण एका माणसाला तोंडावर एक गोष्ट सांगायची होती आणि ती फोनवर सांगायची माझी हिंमत नव्हती.

तो माणूस म्हणजे रामटेके सर. टपाल खात्यात पत्रं वेगळी करण्याच्या कामावरून निवृत्त झालेले आणि ‘सांडशी’ नावाच्या छोट्या मासिकाचे संपादक. मासिक म्हणायचं आपलं, वर्षातून एखादा अंक निघाला तरी खूप. गरम भांडं उतरवताना हात भाजू नये म्हणून सांडशी लागते, म्हणून हे नाव, असं ते मुखपृष्ठावर दर वेळी छापायचे. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. परीक्षानळ्या धुता धुता कथा सुचतात, त्या लिहून काढते. नऊ वर्षांत मी सरांना अकरा कथा पाठवल्या आणि अकराही परत आल्या.

परत करायची त्यांची एक रीत होती. सोबत चिठ्ठी नाही, कारण नाही. फक्त अख्ख्या कथेत एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ. तेवढं एक वाक्य त्यांना पटलेलं. पहिल्यांदा मी फार चिडले होते. तिसऱ्या कथेपासून पाकीट फोडलं की आधी रेघ शोधायला लागले. आमच्यासारख्या धडपडणाऱ्या लेखकांचं हे असं असतं, नकारातसुद्धा कौतुक हुडकत बसायचं.

बारावी कथा गेल्या वर्षी सप्टेंबरात पाठवली. दहा महिने झाले तरी ना पाकीट ना रेघ. मला वाटलं, हरवली, किंवा म्हातारबुवांनी बासनात गुंडाळली. जुलैमध्ये मी तीच कथा एका मोठ्या दिवाळी अंकाला पाठवून दिली. त्यांनी छापलीही. पेढे वाटून झाले आणि चौदाव्या महिन्यात नागपूरहून पोस्टकार्ड आलं. ‘कथा घेतली. पहिलीच लावली आहे. अंक छापून झाला, बांधणी बाकी. येऊन जावं.’ अक्षर पहिलीतल्या मुलासारखं मोठं आणि वेडंवाकडं. ‘सांडशी’चा एकच नियम होता, आधी कुठे छापून आलेलं छापायचं नाही. तो नियम माझ्यामुळे मोडला जाणार होता आणि सरांना ते माहीतही नव्हतं.

कराडहून संध्याकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपूर. स्लीपरचं तिकीट साडेपाचशेच्या आसपास. चादर घरून न्या, पहाटेची थंडी अंगात भरते. शेगावला कचोरी घ्याच. मी दोन घेतल्या आणि एक तशीच पिशवीत राहिली. वाटेत अकराही कथा काढून फक्त रेघा मारलेली वाक्यं वाचली. काय बोलायचं त्याची मनातल्या मनात तालीमही केली. वर्धा येईपर्यंत माझं भाषण इतकं सुंदर झालं की त्यात माझी काही चूकच उरली नाही.

सीताबर्डीत नऊशे रुपयांत बरी खोली मिळाली. रविवारी सकाळी कोपऱ्यावर तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओततात, नाकाडोळ्यांतून पाणी येतं. माझ्या डोळ्यांना त्या दिवशी निमित्तच हवं होतं. मग रिक्षा करून नंदनवन गाठलं. गल्ल्या रुंद आहेत, पण घरांचे नंबर एकापुढे एक नाहीत, तेव्हा नाव विचारत गेलेलं बरं. मी नाव सांगितलं, तर शेजारच्या बाईंनी बोटानं घर दाखवलं.

दार रामटेके काकूंनी उघडलं. ठेंगण्या, पांढरी साडी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

“तूच का वं कराड?” त्या म्हणाल्या.

सर सगळ्या लेखकांना गावाच्या नावानं ओळखत. आयुष्य पत्ते वाचण्यात गेलं, त्याची ही सवय. घरात बाबासाहेबांची तसबीर, बुद्धाची लहान मूर्ती आणि उरलेल्या भिंतींना टेकून पाकिटांचे गठ्ठे. प्रत्येक गठ्ठ्यावर गावाचं नाव.

“ते धंतोलीत हायेत, दवाखान्यात. आज नववा दिवस,” काकू पाणी देत म्हणाल्या. “साखरेनं डोळे तं दोन वर्सांआधीच गेले. आता किडन्या.”

“डोळे गेले?” मी विचारलं. “मग कथा कोण वाचतं?”

“मीच वाचून राहिली. चौथी शिकलेली मी. मुलाचं पत्र सोडून काही वाचलं नव्हतं जन्मात. एक पान वाचाले मले दोन-तीन दिवस लागत. अडली का ते म्हणत, ‘पुन्हा वाच.’ कार्डं बी मीच लिहितो आता, ते सांगतात तसं.” काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला. “तुह्या आधी सात गावं होते. मंग तुहा नंबर लागला.”

मी चहा हातात धरून बसले. हरवली, बासनात गुंडाळली असं मी ज्या दहा महिन्यांना म्हणत होते, त्यात ही बाई रोज माझ्याकडे एकेक शब्द चालत येत होती. गाडीत तयार केलेलं भाषण तिथेच संपलं.

धंतोली म्हणजे दवाखान्यांचंच गाव. पाटीला पाटी लागलेली, आणि फुटपाथवर साऱ्या विदर्भातून आलेली माणसं एक्स-रेची मोठी पाकिटं मांडीवर घेऊन बसलेली. भेटायची वेळ चार ते सहा. काकूंनी पिशवीत डबा घेतला होता, आणि का कोण जाणे, माझ्या कथेचं हस्तलिखितही.

सर मी कल्पना केली होती त्यापेक्षा फार लहान दिसत होते. चादरीखाली माणूस आहे की नाही असं वाटावं इतके.

“कराड आली,” काकू म्हणाल्या.

“काहून इतक्या दूर आल्या बाई? हो, मीच लिहिलं होतं नाही का, या म्हणून.” ते हसले. “बसा. गाडीत जागा भेटली होती ना?”

मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. “सर, ती कथा मी दुसरीकडे दिली. दिवाळी अंकात छापून आली. तुमचं उत्तर नव्हतं, मला वाटलं हरवली. चूक झाली माझी.”

त्यांनी चेहरा माझ्या आवाजाकडे वळवला. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची मुलगी संत्रं सोलत होती, त्याचा वास येत होता.

“कधी देली?”

“जुलैमध्ये.”

“शांता, जुलैत आपण कुठं होतो वं?”

“तिच्या नवव्या पानावर,” काकू म्हणाल्या.

मला तोंड लपवायला जागा नव्हती. त्यांनी रागावावं असं फार वाटत होतं. ते रागावले नाहीत.

“मंग तिची कथा काढून घे, शांता,” सर म्हणाले. “बांधणी झाली नाही अजून. पयली सोळा पानं तिचीच हायेत, सुटा फर्मा हाय. तो लावू नको. अंक सतरापासून सुरू होईल.”

“सर, असा अंक? लोक काय म्हणतील? राहू द्या ना, कुणाच्या लक्षातही येणार नाही.”

“बाई, ज्याले कुठंच जागा भेटत नाही त्याच्यासाठी हे पानं हायेत. तुमाले तं भेटली. चांगलं झालं.” ते खरोखरच चांगलं झालं अशा सुरात बोलत होते. “फक्त आधी समजलं असतं तं तेच सोळा पानं चिमूरले देले असते. तीन वर्सापासून वाट पाहून राहिला तो.”

“आता देता नाही येणार? मी थांबते, छापून घेते.”

“छापाले आठवडा लागते. माह्यापाशी आठवडा हाय का नाही, ते डॉक्टरलेच माहीत. मले हा अंक हातात पाह्यजे.”

मग त्यांनी कथा वाचायला सांगितली. “शांताच्या आवाजात ऐकली. एकदा तुमच्या आवाजात ऐकू द्या.” काकूंनी हस्तलिखित माझ्या हातात दिलं. आमच्या घरातली गोष्ट होती ती, वडील गेल्यानंतरच्या दिवसांची. मी वाचत होते आणि बारा नंबरच्या पानावर सरांनी चादरीतून एक बोट वर केलं. काकूंनी लगेच माझ्या हातून कागद घेतला, पर्समधून पेन्सिल काढली आणि मांडीवर ठेवून त्या वाक्याखाली रेघ मारली. ‘आई म्हणाली, भाकरी दोनच कर, आणि मग स्वतःच तिसरीचं पीठ मळायला घेतलं.’ रेघ थरथरत पुढच्या वाक्याच्या दोन शब्दांखालीही गेली. म्हणजे रीतसर नकार. मी खिडकीकडे वळून रडून घेतलं.

सोमवारी काकू आणि मी महाल नावाच्या जुन्या वस्तीत गेलो. महालात चारचाकी न्यायचा विचारही करू नका, रिक्षावालासुद्धा चौकातच सोडतो. बांधणीवाल्याचं दुकान एका गल्लीत, वर जायला लाकडी जिना, आणि सगळीकडे खळीचा वास. तिथे चिमूर आधीच येऊन बसले होते. वीज मंडळात लाइनमन, चाळिशीचे, पहाटेची एसटी धरून आलेले. त्यांना काकूंनी फोनवर सगळं सांगितलं होतं.

मी त्यांची माफी मागितली. ते संकोचले.

“मले सोळा पानं कुठं भरता येतात मॅडम? माही कथा पाच पानाची हाय,” ते म्हणाले. मग खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले कागद काढले. त्यांच्याकडे आठ रेघा होत्या. “मी हे आठही वाक्यं एकामागं एक वाचतो कधीकधी, खांबावर चढायच्या आधी. एकच कथा वाटते.”

माझ्या अकरा रेघांचं मी गाडीत तेच केलं होतं, हे त्यांना सांगितलं. आम्ही दोघं हसलो, आणि हसणं कुठे थांबवावं ते कळेना.

पहिला फर्मा, म्हणजे सोळा पानांचा दुमडलेला गठ्ठा, बाजूला काढणं सोपं होतं. अडचण मुखपृष्ठाची. अनुक्रमणिका त्याच्या आतल्या बाजूला छापलेली आणि पहिलीच ओळ माझ्या कथेची. तीनशे मुखपृष्ठं. काकू म्हणाल्या, हातानं खोडावं लागेल. चिमूरनी पट्टी आणि पेन उचललं, पण मी ते त्यांच्याकडून घेतलं. दुपारी दोनपर्यंत मी माझंच नाव तीनशे वेळा खोडलं. लेखकाला आपलं नाव छापलेलं बघण्याची किती हौस असते, ते लिहिणाऱ्यांना सांगायला नको. ‘सांडशी’त माझं नाव यावं म्हणून मी नऊ वर्षं थांबले होते. ते तीनशे वेळा पाहिलं आणि तीनशे वेळा त्यावर पट्टी ठेवली. काकू सुकायला मुखपृष्ठं पसरत होत्या. मध्येच त्यांनी डब्यातली सांबारवडी पुढे केली. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तेव्हा नावाला फसू नका. इतकी चविष्ट वडी मी कुठे खाल्ली नाही.

बांधणीवाल्यानं पहिली प्रत लगेच शिवून दिली. चार वाजता ती आम्ही सरांच्या हातात ठेवली. त्यांनी कणा चाचपला, नाकाशी नेली, मग तळहातावर तोलली.

“हलका झाला,” ते म्हणाले. “पण झाला.”

निघताना मी पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला तो आधी हवेत गेला. मग मीच डोकं त्याच्या खाली नेलं.

मंगळवारी परतीची गाडी. शाळेतल्या लोकांसाठी संत्रा बर्फी घेतली. ती ताजी खायची असते, चार दिवसांवर ठेवू नका. घरी पोचून आठ दिवस झाले आणि चिमूरचा फोन आला. सर सकाळी गेले होते. अंक तोवर सगळ्या गावांना पोस्टात पडले होते.

माझा अंक त्यानंतर दोन दिवसांनी आला. उघडला की डावीकडे खोडलेली ओळ आणि उजवीकडे एकदम सतरावं पान. सोबत वेगळ्या पाकिटात माझं हस्तलिखित, वर मोठ्या अक्षरात ‘कराड’. दिवाळी अंकातली कथा अजूनही लोक वाचतात, कौतुक करतात. मी आभार मानते. घरात तो अंक कुठे ठेवलाय ते मला पटकन सांगता येणार नाही. हे हस्तलिखित मात्र मी इतर अकरांवर ठेवलं आहे. नागपूर कसं वाटलं, असं कुणी विचारलं तर मला आधी तो पट्टीचा आवाज आठवतो.

परवा संध्याकाळी काकूंना फोन केला. काय करताय विचारलं.

“चिमूरची नवी कथा वाचून राहिली,” त्या म्हणाल्या.

“अजून पाकिटं येतात?”

“येतात ना. मी मोठ्यानंच वाचतो. मले मनात वाचता येत नाही वं.”

मग त्या म्हणाल्या, ऐक. आणि त्यांनी एक पान वाचलं, अडखळत, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचावं तसं. मी गॅस बंद करून ओट्याशी उभी राहिले. बराच वेळ गेला. पान संपलं.

“सांग बरं,” काकूंनी विचारलं, “रेघ कुठं मारू?”

“काकू,” मी म्हणाले, “पुन्हा वाचा.”