पडणारी

आमच्या पथकात दोन प्रकारची माणसं आहेत, पाडणारी आणि पडणारी. पाडणाऱ्यांना दांडपट्टा येतो, भाला येतो, दोन्ही हातांनी तलवार फिरवता येते. ते आपले मावळे. पडणारे म्हणजे गनिमाचं सैन्य. आम्ही समोरून आरडाओरडा करत यायचं, तीन-चार वार ढालीवर घ्यायचे आणि मग मातीत पडून निवेदकाचं भाषण संपेपर्यंत मेलेलं राहायचं. मी पडणारी आहे. पन्नाशीला टेकलेली, मिशी लावून पडणारी.

ही हौस मुळात माझी नव्हतीच. मुलगी शाळेत असताना शिवकालीन युद्धकलेच्या वर्गाला जायची आणि मी तिला सोडायला. ती लाठी फिरवायची, मी मैदानाच्या कडेला बसून मेथी निवडायचे. शिकवणारा माणूस ओझरच्या कारखान्यात नोकरीला, संध्याकाळी हे वेड. सगळे त्याला दादा म्हणतात, वयानं लहान असला तरी मीही म्हणते. एकदा तो म्हणाला, "काकू, नुसतं बसण्यापेक्षा एक लाठी धरा की." धरली. पुढे मुलगी दहावीत गेली, मग इंजिनिअरिंगला, आणि तिनं वर्ग सोडला. माझा काही सुटला नाही. माझे यजमान एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच, "पडायची हौस आहे तर पड, हाड मोडून घेऊ नकोस."

हाड मोडत नाही, कारण पडण्याचंही एक शास्त्र आहे. आधी कुल्ला टेकवायचा, मग खांदा, हनुवटी छातीशी. सराट्याचे काटे नाहीत अशी जागा आधीच हेरून ठेवायची. तोंड लोकांच्या उलट्या बाजूला, म्हणजे श्वास दिसत नाही. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. मी चांगली पडते, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. टाळ्या पाडणाऱ्यांना मिळतात. माझ्या वाटणीला येते ती वरच्या ओठावर राहिलेली डिंकाची चिकट रेघ. ती तेलानंसुद्धा लवकर निघत नाही. दुसऱ्या दिवशी भाजीवाली तिकडे टक लावून बघते आणि मी पदर तोंडाशी धरून वांगी घेते.

मुलीला हे सगळं आवडेनासं झालं होतं. ती आता नोकरी करते, चार लोकांत वावरते. ऑफिसातला एक मुलगा तिनंच पसंत केला. घराणं नांदगावकडचं, बी-बियाण्यांचं दुकान. पुढच्या रविवारी त्याच्या घरचे आमच्याकडे पहिल्यांदा येणार होते. आठवडाभर आधी पोरगी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, त्यांच्यासमोर ते तुझं ढाल-तलवारीचं काढू नकोस."

"का गं? चोरी करते का मी?"

"तसं नाही. पण ते लोक कसे आहेत मला अजून माहीत नाही."

मी कणीक तिंबत होते. तिंबतच राहिले. बरं, नाही काढत, म्हटलं. त्या दिवशी पोळ्या वातड झाल्या.

ते येणार त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, कृषी प्रदर्शनात आमचं प्रात्यक्षिक होतं. मोठं मैदान. एका बाजूला ट्रॅक्टर, द्राक्षांवर फवारणीची यंत्रं, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी. दुसऱ्या बाजूला पापड-लोणच्यांचे गाळे. मधला चौकोन दोर बांधून आम्हाला दिलेला. कार्यक्रम दुपारी चारचा होता आणि घरी मी तसंच सांगितलं होतं. पण प्रदर्शनाच्या प्रमुख पाहुण्यांना लवकर निघायचं होतं, म्हणून आम्हाला बाराच्या उन्हात उभं केलं.

हलगी सुरू झाली. आम्ही सात गनीम ओरडत धावलो. माझ्यासमोर नेहमीचा दांडपट्टेवाला होता. त्याचा शेवटचा वार ढालीवर घेतला, गिरकी घेतली आणि दोरापासून दोन हातांवर झकास पडले. पडताना एका पायातली मोजडी निघाली. तिकडे लक्ष द्यायचं नसतं. मी डोळे मिटून मेले.

मेलेल्या माणसाला सगळं ऐकू येतं, हे लोकांना माहीत नसतं. डोक्याशी कोणीतरी भेळ खात होतं. कोणाला तरी फवारणी यंत्राच्या गाळ्यावर परत जायची घाई होती. मग एका बाईचा मोकळा, मोठा आवाज आला, "लय भारी पडली गं ती. बाईच हे ना? पायात जोडवी दिसून ऱ्हायली."

आणि माझ्या पोरीचा आवाज आला, "असेल कुणीतरी."

तिचा आवाज ओळखायला मला डोळे उघडावे लागत नाहीत. माझा कार्यक्रम चारला आहे या भरवशावर ती होणाऱ्या सासूला दुपारी प्रदर्शन दाखवायला घेऊन आली असणार, हेही पडल्यापडल्या कळलं. माझी जोडवी तिला माहीत होती. माझं पडणंही माहीत होतं. ती शाळेत असताना गादीवर मला पडायला तिनंच शिकवलं होतं.

"मिशी लावून बाई," ती बाई हसत होती, "बया, हसू आवरत नाही मला. तुझी आई काय करती गं?"

"आई घरीच असते. तिला बरं नसतं. फारशी बाहेर पडत नाही."

मी त्या वेळी चांगली बाहेर पडले होते, उताणी, भर उन्हात. दुसऱ्या कोणाबद्दल ऐकलं असतं तर मी मेल्यामेल्या हसले असते. पण मला लाज वाटली. मिशीची वाटली, जोडव्यांची वाटली, पन्नाशीची वाटली. ज्या मुलीच्या लाठीच्या बक्षिसाच्या वेळी मी ओरडून घसा बसवून घेतला होता, तिनं मला दोन हातांवरून नाकारलं होतं, आणि ते खोटं इतक्या सहज सांगितलं की कधीपासून तयार होतं कोण जाणे.

निवेदकाचं भाषण संपलं. यानंतर पडलेले उठतात, सगळे एका रांगेत उभे राहून मुजरा करतात. बाकीचे सहा उठले. मी उठले नाही. उठले असते तर मिशीसकट तोंड त्या बाईच्या समोर आलं असतं आणि पोरगी उघडी पडली असती. लेकीची लाज राखायची म्हणून मी मेलेलीच राहिले. जातील दोन मिनिटांत, मग उठू, असा विचार होता. त्या क्षणापर्यंत माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

पण मुजऱ्याची रांग एका माणसानं लहान दिसली. दादा धावत आला. "काकू. काकू, उठा." मी हलले नाही. आता त्याला काय सांगणार? त्यानं गालावर थापट्या मारल्या, कोणीतरी तोंडावर पाणी मारलं. माझा श्वास कोणाला दिसला नाही, इतकी मी सरावलेली. निवेदक बिचारा घाबरला आणि त्यानं माइकवरून सगळ्या मैदानाला सांगितलं, "आपल्या पथकातल्या काकूंना लागलेलं आहे. त्यांच्या घरचं कोणी इथे असेल तर कृपया पुढे यावं."

ट्रॅक्टरवाल्यांनीसुद्धा इंजिनं बंद केली.

मला तेव्हाच उठून बसता आलं असतं. अहो काही नाही, उन्हानं चक्कर आली, एवढं म्हटलं असतं की संपलं. पण घरचं कोणी, असं तो म्हणाला आणि माझ्यातलं काहीतरी हट्टाला पेटलं. म्हटलं, बघू या, येतं का घरचं कोणी.

दोर ताणल्याचा आवाज आला. "आई." ती माझ्या शेजारी गुडघ्यांवर आदळली. "आई, ए आई, ऊठ ना." मला श्वास घेता यावा म्हणून तिनं माझी मिशी एका हिसक्यात ओढून काढली. ओठाची साल निघाल्यासारखी आग झाली. मी हूं की चूं केलं नाही.

"तुझी आई?" वरून त्या बाईचा आवाज आला. त्यात हसू राहिलं नव्हतं.

"हो, माझी आई आहे. मी खोटं बोलले तुमच्याशी. आई, डोळे उघड ना गं."

माझ्या चिलखताच्या गाठी तिला सुटत नव्हत्या. ती रडत होती आणि मला, खरं सांगते, बरं वाटत होतं. ऊन, पाणी, पोरीचा हात, सगळं बरं वाटत होतं. अजून एकदा म्हणू दे आई, असं मी मनात म्हटलं, आणि ती म्हणाली. मग आणखी एकदा म्हणाली, पण तो आवाज तिचा राहिला नव्हता. तो एवढा घाबरलेला होता की मला स्वतःची किळस आली. मी डोळे उघडले.

"कुठे लागलं?" तिनं विचारलं.

सगळे वाकून बघत होते. "कमरेत," मी म्हणाले.

त्या बाईनं मला पाण्याची बाटली दिली, माझी मोजडी शोधून आणली आणि पायात घालायलाही वाकली. मी पाय ओढून घेतला. "असू द्या," ती म्हणाली, "मला वाटलं खरंच गेल्या. आता आराम करा, उद्या येतोच आम्ही." तिच्यात वाकडं काही नव्हतं. असतं तर मला जरा सोपं गेलं असतं.

संध्याकाळी मुलगी मलमाची ट्यूब घेऊन माझ्या खोलीत आली. मी पालथी झाले. तिनं कंबर चोळायला घेतली. मग म्हणाली, "आई, आधी मी तिथे काय बोलले, ते तुला ऐकू आलं का?"

"नाही गं. मी शुद्धीवर कुठे होते."

तिचे हात थांबले. "मी खूप वाईट बोलले गं तुझ्याबद्दल. मला माझीच लाज वाटते."

इथे मी उठून बसायला हवं होतं. मी उशीत तोंड तसंच ठेवलं. ती डोळे पुसत असावी, कारण थोडा वेळ एकच हात चालत होता. मग तिनं अंगठ्यानं हलकेच दाबून विचारलं, "इथे दुखतंय?"

"थोडं वर," मी म्हणाले.