जसंच्या तसं बांधायचं की निवडून

गेटवर बसणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत, टेम्पोमागच्या धुळीसारखे ते आपोआप अंगावर येतात. वळ गावातल्या आमच्या गोदामात वर कॉम्प्युटरचं ऑफिस आलं आणि धूळ वाढली. मी चौथी शिकलेला, जन्मभर कापड विणायचे लूम जोडले, आता वॉचमन. तरी सांगतो.

अंजूरची स्नेहा वर प्रोग्राम लिहिते. तीन महिने ट्रायल, मग साहेब ठेवणार नाहीतर काढणार. ती म्हणाली, "काका, गोदामातला माल, माणसं, सगळं कॉम्प्युटरच्या आठवणीत एका ऑब्जेक्टमध्ये असतं. लाइट गेली की पुसलं जातं. म्हणून ते फाइलीत उतरवायचं आणि वाचून परत उभं करायचं."

"म्हणजे लूम खोलून न्यायचा, दुसरीकडं जोडायचा. त्यात शिकायचं काय?"

*

आधी तिनं प्रोग्रामच्या भाषेवरच सोपवलं. बांधाबांध भाषा आपली आपण करते, त्याला म्हणे डिफॉल्ट. सकाळी फाइल वाचली. माल बरोबर, पण कालची अख्खी शिफ्ट अजून ड्युटीवर.

सलीम मुकादमानं स्क्रीन बघितली. "मतलब मैं कल से काम पे हूँ? तो अब घर जाता हूँ."

आणि गेला.

*

मी तिला दगडूचं सांगितलं. तो माझ्या हाताखाली लूम खोलायचा. भागांवर खडूनं खुणा कर, धाग्यांचा ताण सोडून दे, नव्या जागी हातानं लावू, असं बजावलेलं. गड्यानं ताणलेल्या धाग्यांसकट लूम टेम्पोतून खारबावला नेला. उतरवला तेव्हा एक धागा शाबूत न्हाय.

"उस्ताद, जसाच्या तसा आणलाय," म्हणाला.

स्नेहा हसली नाही. वर गेली आणि 'ड्युटीवर कोण' यावर खूण केली, हे बांधायचं नाही.

*

मग बांधणं-सोडणं तिनं स्वतः लिहिलं. त्याला म्हणे कस्टम. लिहिताना आधी पोती, मग वजन. वाचताना उलटं. पन्नास किलोची बारा पोती होती, ती बारा किलोची पन्नास झाली.

"पोरी, ज्या क्रमानं बांधलं त्याच क्रमानं सोड."

"कळलं, काका."

"सलीमला पण कळव. तो सकाळपासून अडतीस पोती शोधतोय."

*

ट्रायलच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी स्वतः मेन स्विच पाडला, परत चढवला. माल जागच्या जागी. ड्युटीवर मात्र कोणीच नाही.

"गोदाम रिकामं? मग काय केलंस तीन महिने?"

स्नेहाचा चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही. "साहेब, माल फाइलीला विचारायचा. आत कोण आहे ते गेटला."

साहेब बघायला खाली गेटबाहेर आले. माणसं गेटच्या मशीनला नव्यानं कार्ड लावून आत जात होती, ड्युटीच्या यादीत नावं उमटत होती. सलीमच्या मागून साहेब आत निघाले. मी हात आडवा केला.

"कार्ड?"

"मला कशाला कार्ड?"

"मशीन म्हणतंय, तुम्ही आत न्हाय. कार्ड नसेल तर वही."

साहेबांनी खिसे चाचपले. मग पेन घेतलं आणि पाहुण्यांच्या वहीत स्वतःचं नाव लिहिलं. 'कोणाला भेटायचं' या रकान्यात लिहिलं, 'स्नेहा मॅडम'.